चौदावा रकाना

त्या गुरुवारचा कार्यक्रम नीट पार पडला तर डॉ. नीलाक्षी राजवाडे यांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते मी सोमवारीच मनातल्या मनात मांडून ठेवलं होतं. प्रकल्पाचा दुसरा टप्पा, म्हणजे आणखी तीन वर्षं. त्या तीन वर्षांच्या बळावर जिनिव्हाच्या मुख्य कार्यालयात खुर्ची. खुर्चीमागे खिडकी आणि खिडकीत तळं. तळं मी माझ्या पदरचं घालतोय असं वाटेल, पण बाईंनी मला त्या तळ्याचा फोटो तीन वेळा दाखवला होता, आणि तिसऱ्या वेळी तो मोठा करून.

सोमवारी सकाळी त्या फॉर्म चाळत बसल्या होत्या. आमचं कार्यालय म्हणजे मासेम्बू गावातलं भाताचं जुनं गोदाम. सिएरा लिओनमधलं युद्ध संपून सात वर्षं झाली होती, तरी गोदामाच्या भिंतीतली गोळ्यांची भोकं बुजवली नव्हती. पाहुण्यांना दाखवायला बरी पडतात, असं बाईंचं मत होतं.

"केळुस्कर, ही रुगियातू कार्गबो. फोटो उत्तम आहे. डोळ्यांत काहीतरी आहे हिच्या. पण हिची गोष्ट कुठाय?"

"पान तीन, मॅडम. युद्धापासून बंद पडलेला तराफा तिनं चालू केला. बारा पोरं-पोरी जमवली. सात इथली, घरातली माणसं गमावलेली. पाच बंडखोरांच्या टोळीतून परत आलेली. बाराजण एकच दोरी ओढतात."

"ते काम झालं हो. मी गोष्ट विचारतेय."

त्यांनी पेन्सिलीचं टोक चौदाव्या रकान्यावर ठेवलं. 'युद्धकाळातील व्यक्तिगत अनुभव.' खाली आठ ओळींची जागा, आणि आठही ओळी कोऱ्या.

"तिला सांगायचं नसेल," मी म्हटलं.

"हे बघा, पाहुणे काम बघायला येत नाहीत. कामं त्यांच्या देशातही चालतात. त्यांना प्रवास बघायचा असतो. कुठून निघाली, कुठे पोचली. पहिला मुक्कामच कोरा असेल तर प्रवास कसा दाखवणार?"

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"मग त्या दुसऱ्या मुलाला पुढे करू. हात तुटलेला. बोलतोही छान. उद्या दुपारपर्यंत वाट बघते."

"आणि तार?"

"तार निवडलेल्या नेत्याच्या प्रकल्पाला मिळणार, केळुस्कर. नियम मी केलेले नाहीत."

तारेचं सांगायला हवं. मासेम्बूची नदी रुंद आहे आणि पावसाळ्यात तिचा काही भरवसा नाही. तिच्यावर या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर बांधलेला होता आणि तो हातांनी ओढत तराफा पलीकडे न्यायचा, अशी सगळी व्यवस्था. दवाखाना पलीकडे, बाजार अलीकडे. आदल्या पावसाळ्यात दोर तुटला आणि एक बाळंतीण, तिच्या सासूसह, वाहून गेली. तेव्हापासून रुगियातूने एकच गोष्ट मागितली होती, आणि आमच्या 'युवा नेतृत्व' कार्यक्रमात आली तीसुद्धा त्यासाठीच. पोलादी तार. आम्ही तिला संवादकौशल्य दिलं, उद्दिष्टांची उतरंड दिली, रंगीत कागदांचे चिकट तुकडे दिले. ती सगळं घ्यायची आणि शेवटी हात वर करून विचारायची, "तार कधी?"

बाईंना मी आज नावं ठेवतो आहे, पण त्या खोट्या नव्हत्या. तीनदा हिवताप झाला तरी गाव सोडून गेल्या नाहीत. मला कोकणातून उचलून इतक्या लांब नेलं तेही त्यांनीच. मी वेंगुर्ल्याचा, पंचायत समितीत बावीस वर्षं विस्तार अधिकारी. गावपातळीवरचा माणूस हवा म्हणून त्यांनी मला घेतलं, आणि मुलाखतीत मी एकच फुशारकी मारली होती: पहिलं वर्ष सोडलं तर माझ्या हातचा एकही कागद परत आलेला नाही.

त्यामागेही कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका विधवेचं पेन्शनचं प्रकरण एका कोऱ्या रकान्यापायी तीनदा परत आलं. पतीच्या मृत्यूचं कारण. दारू, असं लिहायची तिला लाज वाटत होती आणि मलाही. चौथ्यांदा ते मंजूर होऊन आलं, तेव्हा घ्यायला ती नव्हती. त्या दिवसापासून मी रकाना कोरा सोडलेला नाही.

मंगळवारी सकाळी मी घाटावर गेलो. रुगियातू पाण्यात गुडघाभर उभी राहून दोराची गाठ तपासत होती. तेवीस वर्षांची, काटक, आवाज मात्र बाजार उठवील असा.

"पा केलू," ती ओरडली. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'पा' म्हणतात आणि बाईला 'या'. केळुस्कर त्यांच्या जिभेला पेलत नसे, म्हणून मी केलू. "मधोमध बसा. कडेला बसलात तर उद्या लोक म्हणतील, भारतानं आमचा तराफा बुडवला."

"मला पलीकडे जायचं नाहीये. तुझ्याशी बोलायचंय."

"मग पलीकडेच चला. इथे बोलायचं म्हटलं तर सगळे कान लावतात. तिकडेही लावतात, पण ओढता ओढता दमलेले असतात."

तराफ्यावर सुक्या माशांच्या टोपल्या होत्या आणि टोपल्यांमध्ये या नेन्ने बसली होती. बाजारातल्या बायकांची ती पुढारी. साठीची, डोक्याला निळं फडकं, दातांत कायम काडी. मासेम्बूत मुखियाचा शब्द चालायचा आणि या नेन्नेचा पाळला जायचा. शुक्रवारी नमाजानंतर गावातले वडीलधारे दोराचं टोक रुगियातूच्या हातात देणार होते. दोरकरीपण. आजवर ते म्हाताऱ्या पुरुषांकडेच गेलेलं. या वेळी एका तरुण पोरीला द्यायचं, हे या नेन्नेनं ठरवलं आणि मुखियाच्या गळी उतरवलं होतं. दोरकरी झालं की घाटावर कोण बसणार, कोणाला फुकट न्यायचं, पाऊस वाढला की तराफा कधी थांबवायचा, हे सगळं त्याच्या तोंडून. हुकूम म्हणून कोणी देत नाही, पण पाळतात सगळे.

रुगियातू दोर ओढायला उभी राहिली, तशी या नेन्नेनं टोपलीतून एका माशाचं डोकं काढून तिच्या तोंडात कोंबलं.

"ही मला रोज भरवते," रुगियातू चघळत म्हणाली. "म्हणते, हाडं आहेस, मांस लाव, नाहीतर दोर तुला ओढेल."

म्हातारी टेम्नेत, म्हणजे तिथल्या बोलीत, काहीतरी बोलली. सगळे हसले.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, या परदेशी म्हाताऱ्याला पण एक डोकं दे, त्याच्याकडे कमी दिसतंय."

मीही हसलो. मग खिशातून फॉर्म काढला आणि आवाज खाली आणून तिला चौदावा रकाना दाखवला.

तिने दोर सोडला नाही. फक्त मान वळवून कागदाकडे बघितलं.

"ते मुद्दामच कोरं ठेवलंय."

"का?"

"ते धुतलेलं आहे, पा केलू."

"म्हणजे?"

"आम्ही परत आलो ना जंगलातून, तेव्हा याच घाटावर उभं केलं होतं आम्हाला. एकेकाला. मुखियानं तोंडात पाणी घेऊन अंगावर फुंकलं. मग या नेन्नेनं तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं. मन गार झालं, असं म्हणायचं सगळ्यांनी. तिने म्हटलं, मी म्हटलं, गावानं म्हटलं. त्यानंतर ते तोंडावर आणायचं नाही. कोणीच. ज्यानं केलं त्यानं नाही आणि ज्याचं झालं त्यानं पण नाही."

"पण सगळ्यांना माहीत तर आहेच."

"सगळ्यांना माहीत आहे."

"मग लिहिलं तर काय बिघडतं? गोपनीय आहे, वर छापलंय बघ."

तिने दोर आणखी दोन हात ओढला. नदीच्या मध्याला दोर पाण्याला टेकायचा आणि तिथे सगळ्यात जास्त जोर लागायचा.

"तुमच्या गावात," ती म्हणाली, "एकाच्या बापाला दुसऱ्याच्या बापानं मारलं असेल, तर त्यांची पोरं शेजारी बसून जेवतात का?"

"नाही बहुधा. कोर्टात भेटतात."

"इथे कोर्ट चाळीस मैलांवर आहे. जेवण रोज लागतं." तिने कागद माझ्याकडे सरकवला. "एक आडवी रेघ मारा आणि द्या. तार मिळेल ना?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला. तिने तो होकार समजला असावा, कारण ती पुन्हा या नेन्नेकडे वळली आणि तोंड उघडलं, आणि म्हातारीने आणखी एक डोकं भरवलं.

तिच्या कोऱ्या रकान्यात काय होतं, ते मला ठाऊक होतं. आमचा ड्रायव्हर ब्राइमा मासेम्बूचाच. एकदा गावापासून कितीतरी लांब, जीप चालवता चालवता, समोर रस्त्याकडे बघत त्याने एका दमात सांगितलं होतं. आणि लगेच म्हणाला होता, "मी काही बोललो नाही, पा केलू." गावात शिरल्यावर त्याने पुन्हा एकदा तेच वाक्य म्हटलं होतं.

मंगळवारी दुपारी फॉर्म बाईंच्या टेबलावर गेला. चौदावा रकाना भरलेला होता. बाईंनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"केळुस्कर," त्या म्हणाल्या, "हिलाच पुढे करायचं. तार मंजूर."

गुरुवारी शाळेच्या मैदानावर मांडव होता. प्लॅस्टिकच्या दोनशे खुर्च्या, गिनी फाउल कोंबड्यांच्या पिसांचे गुच्छ, आमचं बोधचिन्ह असलेला फलक आणि दोन भोंगे. सत्काराला शाल आणि नारळ असावेत ही कल्पना बाईंची. नारळ मिळाला, शाल मात्र फ्रीटाऊनच्या एका लेबनीज दुकानातून आणावी लागली, आणि तिच्यावर हरणं होती.

पाहुणे एक माजी मंत्री होते. कोणत्या देशाचे ते सोडून देऊ. उंच, लालसर, आणि अगदी मनापासून सज्जन. त्यांना कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे फक्त शाल पांघरायची आणि प्रमाणपत्र द्यायचं होतं. पण आदल्या दिवशी बाईंनी त्यांना फाइल वाचायला दिली होती. ते माइकसमोर आले, खिशातून कागदाची प्रत काढली आणि म्हणाले की आज मी माझं भाषण करणार नाही, या तरुणीचे शब्द वाचणार आहे.

शाळेचे मास्तर दुभाष्याचं काम करत होते. ते प्रत्येक वाक्य ऐकून मोठ्या, खणखणीत आवाजात टेम्नेत सांगायचे. पहिलं वाक्य सांगितलं तेव्हा त्यांना पुढचं काय येणार याची कल्पना नव्हती. दुसऱ्या वाक्याला ते अडखळले आणि बाईंकडे बघू लागले. बाईंनी हसून मान डोलावली, पुढे चला.

तिला वयाच्या अकराव्या वर्षी बंडखोरांनी पळवून नेलं. मासेम्बूत शिरायला कोरड्या ओढ्यातून एक आडवाट आहे, हे तिला ठाऊक होतं. ती तिने दाखवली. त्या पहाटे गावातली एकोणीस माणसं मारली गेली. ज्या मुलीने त्या दिवशी मृत्यूला गावात आणलं, तीच आज गावाला नदीपार नेते.

शेवटचं वाक्य पाहुण्यांनी दोनदा वाचलं. मास्तरांनीही ते दोनदा सांगितलं.

भोंगे बंद झाले. रुगियातू हरणांची शाल अंगावर घेऊन मंचाच्या मधोमध उभी होती आणि समोरच्या रांगेत या नेन्ने बसली होती, सकाळपासून जागा धरून, नवं लुगडं गुंडाळून. तिने दातांतली काडी काढली. मग ती उठली. घाई नाही, रागाचा आवाज नाही. लुगड्याचा सोगा खोचला आणि मांडवातून चालू लागली. तिच्यामागे तिच्या शेजारची उठली. मग तिच्या शेजारची. पाच मिनिटांत बाजारातली एकही बाई मांडवात नव्हती.

"भारावून गेल्यात," बाई माझ्या कानात म्हणाल्या.

पाहुण्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि रुगियातूचा हात धरून तो वर केला. तेवढ्यात फोटो निघाला. पुढे तो फोटो आमच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर चार वर्षं होता. त्यात तिचे डोळे खरोखर काहीतरी सांगतात. बाईंचं म्हणणं चुकलं नव्हतं.

दुपारी मी ब्राइमाला घेऊन या नेन्नेच्या घरी गेलो. ती अंगणात मासे धुरावर लावत होती. ब्राइमा सबंध वाटेत माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि आता दुभाष्याचं काम करतानाही तो धुराकडे बघत होता.

मी म्हटलं, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं.

"त्याच पहाटे माहीत झालं. मी घरातून बघितलं तिला. ओढ्याच्या तोंडाशी उभी होती, तिच्या कंबरेला दोरी बांधली होती त्यांनी. अल्मामी माझा मुलगा. सोळा वर्षांचा. पहिला तोच सापडला त्यांना."

"आणि तरी तुम्ही तिला रोज..."

"पाणी मीच ओतलं तिच्या डोक्यावर. कोणी सांगितलं नव्हतं मला. तिची आई त्याच दिवशी मेली होती. पोरीला कोणीतरी हवं होतं, आणि मलाही हातात कोणीतरी हवं होतं." तिने मासा उलटा केला. "सात वर्षं आम्ही दोघी एका माशातलं खाल्लं. तिला ठाऊक, मला ठाऊक. ते आमच्या मधे बसलेलं असायचं, पण गप्प बसायचं."

"मग आज का उठलात? नवं काही तर कळलं नाही."

ब्राइमाने हा प्रश्न लगेच सांगितला नाही. मला पुन्हा विचारावा लागला.

"आज भोंग्यावर माझ्या मुलाला मारलं," म्हातारी म्हणाली. "सगळ्या गावासमोर, दोनदा. आणि टाळी वाजवायची जागा ठेवली होती. मी बसून राहिले असते तर लोकांनी काय बघितलं असतं? अल्मामीची आई नवं लुगडं नेसून टाळ्या वाजवते. जोवर कोणी म्हणत नव्हतं तोवर मला त्याचं उत्तर द्यायला नको होतं. आता म्हटलं गेलंय. आता उत्तर द्यायला हवं."

"पुन्हा पाणी ओतता येणार नाही?"

"पाणी पुष्कळ आहे नदीत." तिने हात पुसले. "पण माझं मन आता गार नाही, आणि खोटं पाणी मी कोणाच्या डोक्यावर ओतणार नाही. ते कागदावर घातलं कुणी, हे मी विचारणार नाही. कळलं तर त्याचंही काहीतरी करावं लागेल."

ब्राइमाने हे शेवटचं वाक्य मात्र माझ्याकडे बघून सांगितलं.

तिथून मी सरळ बाईंकडे गेलो. त्या सामान बांधत होत्या. पाहुण्यांबरोबरच फ्रीटाऊनला निघायचं होतं.

"मॅडम, फॉर्मवर गोपनीय छापलं होतं."

"छापलं होतं हो. पण ते इतके हलून गेले. त्यांना मधेच कशी थांबवू? आणि केळुस्कर, दुसरा टप्पा तोंडी मंजूर झालाय. तुमचं कंत्राटही तीन वर्षं पुढे."

"उद्या दोर तिला मिळणार नाही."

"कोणता दोर?"

मी सांगितलं. त्यांनी खरोखर लक्ष देऊन ऐकलं, सुटकेसवर बसून.

"वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण दडपलेलं बाहेर येणं हाच बरं होण्याचा रस्ता असतो. सुरुवातीला त्रास होतोच. तुमचंच तर वाक्य आहे ना ते, मृत्यूला गावात आणलं, गावाला नदीपार नेते? मी लगेच ओळखलं. ती असं लिहिणार नाही. अप्रतिम जमलंय."

ते वाक्य माझं होतं. रकान्यातल्या आठही ओळी माझ्या होत्या. मंगळवारी घाटावरून परत आल्यावर गोदामातल्या टेबलाशी बसून मी त्या लिहिल्या, माझ्या पेनाने, तिच्या सहीच्या वर, जी तिने कोऱ्या रकान्याखाली आठवडाभर आधी केली होती. तिने एक आडवी रेघ मागितली होती. मी मात्र वेंगुर्ल्याच्या त्या विधवेला आठवलं, वाहून गेलेल्या बाळंतिणीला आठवलं, तारेला आठवलं. सगळ्यांना माहीतच आहे, असं स्वतःला सांगितलं. आणि शेवटचं वाक्य जमलं तेव्हा, आज सांगायला लाज वाटते, मी खुर्चीत मागे रेलून ते एकदा मोठ्याने वाचलं होतं.

शुक्रवारी नमाजानंतर घाटावर दोराचं टोक पा मोर्लाईच्या हातात दिलं. तो मुखियाचा चुलतभाऊ, पासष्टीचा, आणि त्याला पोहता येत नव्हतं. त्याने दोर असा धरला की जणू कोणीतरी त्याला साप दिलाय. बायका आल्या होत्या. या नेन्ने पुढे होती. तिने कोणाकडे बघितलं नाही.

रुगियातू माणसं पांगेपर्यंत वर, आंब्याच्या सावलीत थांबली होती. डोक्यावर गाठोडं, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत ते प्रमाणपत्र आणि फाइलची प्रत. पाहुण्यांनी ती तिला आठवण म्हणून सही करून दिली होती. ती खाली आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"ओढायच्या पाळ्यांचा तक्ता तुम्हीच लावता ना फळ्यावर, दर सोमवारी?"

"हो."

"तुमचं अक्षर मला पाठ आहे, पा केलू. दोन वर्षं वाचतेय."

मी मान खाली घातली. "रकाना कोरा राहिला असता तर तार मिळाली नसती."

"तार आली?"

"मंजूर झाली. महिनाभरात येईल."

तिने नदीकडे बघितलं. "पलीकडे दोर ज्या झाडाला बांधलाय ते आतून कुजलंय. मी दर पावसाळ्यात ठोकून बघते, पोकळ वाजतं. तार त्याला बांधू देऊ नका. वरच्या बाजूला खडक आहे, त्यात कडी ठोका. मोर्लाई ऐकणार नाही, तो म्हणेल बापजाद्यांपासून इथेच बांधतात. या नेन्नेला सांगा. ती ऐकेल."

"रुगी, मी मुखियाशी बोलतो. मी सगळ्यांना सांगतो की तू लिहिलं नाहीस."

"आणि काय सांगाल? की जे लिहिलंय ते खोटं आहे?"

उत्तर तिला नकोच होतं. ती तराफ्यावर चढली. बाराजणांपैकी ओढायला पाचच आले. ज्यांची माणसं त्या पहाटे गेली होती ते सातजण काठावर उभे होते, हाताची घडी घालून. पाचजणांना नदीच्या मध्याला जोर पुरेना, तेव्हा तिने गाठोडं खाली ठेवलं आणि स्वतः दोराला हात घातला. स्वतःला गावाबाहेर तिने स्वतःच ओढत नेलं. पलीकडे उतरल्यावर तिने झाडाच्या बुंध्यावर एकदा मूठ आपटून दाखवली, माझ्यासाठी, आणि रस्त्याला लागली.

तार आली. मी खडकाचं सांगितलं, पण परक्या माणसाचं सांगणं, आणि या नेन्ने मला दारात उभं करीना. तार झाडालाच बांधली. दुसऱ्या पावसाळ्यात झाड गेलं, तारेसकट, तराफ्यासकट. तेव्हा तराफ्यावर फक्त टोपल्या होत्या, हे नशीब. सातजण आणि पाचजण पुन्हा एका दोराला लागले नाहीत. रुगियातू कुठे आहे ते ब्राइमाला माहीत असावं. मी विचारलं की तो म्हणतो, मी काही बोललो नाही.

आता हिशोब. बाईंना खुर्ची मिळाली, खिडकीही. पाहुण्यांना पुढच्या कितीतरी सभांत सांगायला एक प्रसंग मिळाला. मला तीन वर्षांचं कंत्राट मिळालं, आणि ते मी पूर्ण केलं, राजीनामा दिला नाही, हेही लिहून ठेवतो. निघताना मी प्रकल्पाचा अंतिम अहवाल भरला. त्यात शेवटी एक तक्ता होता, कोणी काय दिलं त्याचा. देणगीदार देश, भरला. संस्था, भरला. गाव, भरला: जागा, श्रमदान, खुर्च्या. चौथा रकाना होता, 'सहभागी तरुणांचे स्वतःचे योगदान', आणि समोर टेबलावरच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तिचा हात, पाहुण्यांनी धरून वर केलेला.

बराच वेळ पेन हातात धरून बसलो. मग त्या विधवेनंतर पहिल्यांदा एक रकाना कोरा सोडला, खाली सही केली आणि कागद पाठवून दिला. परत येईल म्हणून वर्षभर वाट बघितली.

आला नाही. कोणी विचारलंही नाही.